पागलखान्याच्या फाटकापाशी

आमच्या लहानपणी नागपुरात पोरांना धाक घालायला दोन जागा होत्या. एक पोलीस चौकी, दुसरी पागलखाना. चौकीची भीती पुढं गेली. बँकेत लागल्यावर फिर्याद, पंचनामा यांच्या निमित्तानं चौकीत बसून चहासुद्धा प्यायलो. पागलखान्याची भीती मात्र मनात तशीच राहिली. बस पागलखाना चौकात थांबली की उतरणाऱ्याकडे बाकीचे प्रवासी जरा निरखून बघत, आणि तोही बिचारा आपलं घर पलीकडच्या वस्तीत असल्याचा चेहरा करून घाईनं चालू लागे. प्रादेशिक मनोरुग्णालय हे त्या जागेचं खरं नाव. संस्था १८६४ सालची, म्हणजे नागपूरच्या नगरपालिकेच्याच वयाची. पण नागपूरकराच्या जिभेवर जुनंच नाव आहे आणि आज मला ज्यांच्याविषयी सांगायचं आहे, त्यांच्या काळात तेच होतं, म्हणून मीही तेच वापरतो. त्यात कुणाला उणं लेखायचा हेतू नाही.

माझी आजी महालात राहायची. सोवळ्याओवळ्याची बाई. पण तिच्या देवघरात शेगावच्या गजानन महाराजांच्या शेजारी ताजुद्दीन बाबांची तसबीर होती आणि घरात कुणाचं दुखणं लांबलं की ती उमरेड रोडला ताजबागेत जाऊन यायची. नागपुरातल्या कितीतरी हिंदू घरांत हे असंच होतं आणि आहे. आजीनं मला बाबांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. एक गोष्ट मात्र तिनं कधी सांगितली नाही. तसबिरीतला हा माणूस आयुष्याची सोळा वर्षं पागलखान्यात होता. ते मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

हे सगळं पुन्हा वर यायला कारण घडलं ते गेल्या वर्षी. माझी झोप गेली. रात्री दोनला जाग यायची ती सकाळच्या दूधवाल्यापर्यंत. निवृत्त माणसाची झोप कमी होते म्हणून पहिले दोन महिने काढले. पण मला जागं ठेवणारी गोष्ट कोणती, हे मला ठाऊक होतं. वीसएक वर्षांपूर्वी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. पीककर्जाच्या थकबाकीच्या नोटिसांवर माझी सही असायची. एका सकाळी त्या यादीतला एक शेतकरी राहिला नाही, अशी बातमी आली. त्याचं नाव इथं देत नाही, गावाचंही नाही. मी नियमाप्रमाणेच सही केली होती. हे वाक्य मी वीस वर्षं स्वतःला ऐकवत आलो आणि आता रात्री दोन वाजता ते पुरेनासं झालं.

मुलगी पुण्याला असते. तिनं फोनवर सुचवलं की कुणा समुपदेशकाकडे जा. मी उखडलो. मी काय पागल आहे का, हाच प्रश्न माझ्या तोंडून आला. चाळीस वर्षं पुस्तकं वाचली, चार कादंबऱ्या लिहिल्या, माणसाच्या मनाबद्दल व्यासपीठावरून बोललो, आणि वेळ आली तेव्हा तोंडून निघालं ते बसमधल्या त्या प्रवाशांचंच वाक्य. मुलीचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या वाटेनं ताजबागेत गेलो. तिथून बाबांचं एक चरित्र विकत आणलं. मग आणखी दोन मिळवली. ही सगळी भाविकांनी लिहिलेली, चमत्कारांनी भरलेली. मी बँकेच्या सवयीनं चमत्कार बाजूला ठेवून बाकीची नोंद तपासत गेलो.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ चा, कामठीचा. कामठी ही इंग्रजांची मोठी छावणी, कन्हान नदीच्या काठची. वडील सय्यद बद्रुद्दीन फौजेत होते. मूल वर्षाचं असतानाच ते गेले. आई मरियम बी मूल नऊ वर्षांचं असताना गेली. मग आजीनं आणि मामानं वाढवलं. मदरशात शिकायला घातलं. तिथं एकदा कामठीचे अवलिया अब्दुल्ला शाह आले, या पोराला शिकवायची गरज नाही असं गुरुजींना म्हणाले आणि आपल्या तोंडातल्या खाऊचा तुकडा त्याला दिला, तेव्हापासून पोर अंतर्मुख झालं, अशी कथा आहे. कथेचं सोडा. आईबापाविना वाढलेलं, गप्प राहणारं पोर, एवढं त्यातून नक्की दिसतं.

विशीत ते फौजेत भरती झाले. पलटण सागरला गेली. सागरला दाऊद साहेबांचा दर्गा आहे. दिवसा नोकरी आणि रात्री त्या दर्ग्यात ध्यान, असा क्रम सुरू झाला. पहाऱ्यावरचा शिपाई एकाच रात्री पहाऱ्यावरही दिसला आणि दर्ग्यातही, ही त्यांची पहिली गाजलेली आख्यायिका याच काळातली. शेवटी फौज सुटली. नातू सागरच्या रस्त्यांतून भ्रमिष्टासारखा हिंडतो आहे, अशी बातमी कामठीला पोचली आणि म्हातारी आजी त्याला आणायला सागरला गेली.

या आजीपाशी मी बराच वेळ थांबलो. चरित्रकार तिला दोन ओळींत आटोपतात. तिनं मुलगी गमावली होती, जावई गमावला होता. आता उरलेला एकुलता नातू कपड्यांची शुद्ध नसलेला, खाण्यापिण्याची शुद्ध नसलेला असा तिच्यापुढं उभा होता. तिनं त्याला कामठीला आणलं आणि त्या काळी जे करता येईल ते सगळं केलं. वैद्य झाले, हकीम झाले, अंगारेधुपारे झाले. गुण आला नाही. गल्लीतली पोरं त्याला दगड मारीत, तो उलटून मारीत नसे. आज आपल्या ओळखीच्या घरात एखादा तरुण मुलगा असा झाला तर त्या घरातली बाई जे करील, तेच तिनं केलं. सगळ्यांत शेवटी डॉक्टर, असा आपल्याकडचा क्रम अजूनही पुष्कळ घरांत आहे. तिच्या वेळी तर तो शेवटचा डॉक्टरही नव्हता.

बाबांना नेमकं काय झालं होतं, असा प्रश्न मला हे वाचताना दहा वेळा पडला. आजचे एखादे मानसोपचारतज्ज्ञ कदाचित एखादं नाव सुचवतील. मी ते करणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला, समोर न बसवता, दुसऱ्यानं लिहिलेल्या गोष्टींवरून रोगाचं नाव देणं हे कागद न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखं आहे. आणि ते अवलिया होते, असं मानणाऱ्या लाखो लोकांना खोटं पाडण्याची मला गरजही वाटत नाही. मेहेरबाबांनी, म्हणजे पुण्याच्या मेरवान इराणींनी, पुढं अशा माणसांचा शोध घेत देश पालथा घातला; देवाच्या वेडानं भान हरपलेल्याला ते मस्त म्हणत आणि मनाच्या आजारानं भान हरपलेल्याला वेगळं धरत. हा फरक करणं सोपं नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं. १९१५ साली तरुण मेरवान नागपूरला येऊन ताजुद्दीन बाबांना भेटून गेले होते.

हळूहळू कामठीत लोक या दगड खाणाऱ्या माणसामागं लागले. त्याच्या तोंडून निघालेला शब्द खरा होतो, असा बोलबाला झाला. गर्दी वाढली. अशात १८९२ च्या ऑगस्टमध्ये ते छावणीत युरोपियन लोक टेनिस खेळत असत तिथं विवस्त्र जाऊन उभे राहिले. साहेबांच्या मडमा किंचाळल्या. मॅजिस्ट्रेटपुढं नेण्यात आलं आणि पागलखान्यात रवानगी झाली. गर्दी टाळण्यासाठी त्यांनी हे मुद्दाम घडवून आणलं, आपण पागल झोपडीत राहायला जाणार असं आधी सांगूनही ठेवलं होतं, असं भाविक मानतात.

पागलखान्यात जाण्याची तेव्हाची पद्धत अशी होती. १८५८ सालचा कायदा होता. कुणी वेडा इसम मोकळा हिंडताना दिसला की पोलिसानं त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. सरकारी डॉक्टरानं दाखला द्यायचा. मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा. ज्याला नेलं जातंय, त्याला काय वाटतं, हे विचारण्याची जागा त्या सगळ्या कागदांत कुठं नव्हती. आत गेल्यावर उपचार म्हणजे काय, तर कोठडी, जेवण, अंगमेहनतीचं काम आणि वाट बघणं. मनाच्या गंभीर आजारावर खरोखर काम करणारं पहिलं औषध निघालं ते १९५२ साली, पॅरिसमध्ये. त्याआधी जगातल्या कुठल्याही पागलखान्यात याहून फारसं वेगळं नव्हतं.

योगायोग बघा. बाबा आत गेले त्या सुमारास तिकडं व्हिएन्नात सिगमंड फ्रॉइड नावाचा तरुण डॉक्टर रोग्यांना कोचावर निजवून बोलायला लावीत होता. त्याच्याही आधी, १८८० ते ८२ च्या दरम्यान, त्याचे ज्येष्ठ स्नेही ब्रॉयर यांनी बर्था पॅपेनहाइम या एका मुलीवर उपचार करताना एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. वडिलांच्या दुखण्यात खंगलेली ही मुलगी रोज संध्याकाळी मनातलं सगळं बोलून टाकी आणि तेवढ्यापुरती हलकी होई. बोलण्यानं बरं वाटतं, हे आपल्या आजीला वेगळं शिकवावं लागलं नसतं. पण ते डॉक्टरांनी टिपून ठेवलं, १८९५ साली त्याचं पुस्तक झालं, आणि आज ज्याला आपण थेरपी म्हणतो तिची सुरुवात तिथं धरतात. ती मुलगी त्या उपचारांनी पूर्ण बरी झाली नाही. पुढंही तिला दवाखान्यात राहावं लागलं. नंतर मात्र ती जर्मनीतली मोठी समाजसेविका झाली. हिंदुस्थानात ही विद्या कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी रुजवली; त्यांनी १९२२ साली तिथं मनोविश्लेषणाची संस्था काढली. तेव्हा ताजुद्दीन बाबा हयात होते.

तर बाबा आत, आणि लोक फाटकापाशी. ही सोळा वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण वाटतात. ज्याला सरकारनं वेडा ठरवून कोंडलं, त्याला भेटायला शहरातून, खेड्यांतून माणसं येऊ लागली. कुणाचा मुलगा परागंदा, कुणाचं दुखणं, कुणाचा कोर्टातला दावा. बाबांचं बोलणं तुटक असे, त्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावायचा. कधी शिव्या, कधी नुसतं बघणं. पण समोरच्याला आपलं दुःख तिथं मोठ्यानं म्हणता येई. घरात म्हणता येत नसे, कारण घरातल्यांचं दुःखही त्यातच गुंतलेलं. गावात म्हणता येत नसे, कारण गाव हसेल. ज्याला आधीच जगानं वेडा म्हटलंय त्याच्यापुढं कसली लाज? हा माझा तर्क आहे, चरित्रकारांचा नाही.

१९०८ च्या सप्टेंबरात ते बाहेर आले. नागपूरचं राज्य जाऊन अर्धशतक उलटलं होतं. भोसल्यांकडे मान होता, वाडा होता, पेन्शन होतं. त्या घराण्याचे राजे रघुजीराव भोसले बाबांचे भक्त. त्यांनी सरकारला अर्ज केला. या माणसाची काळजी मी घेईन, तो कुणाला इजा करणार नाही याची हमी माझी, असं नातेवाइकानं किंवा स्नेह्यानं लिहून दिलं तर वेड्याला सोडता येईल, अशी तरतूद त्या जुन्या कायद्यात होती. रघुजीराजांनी दोन हजार रुपयांची हमी दिली, अशी नोंद चरित्रांत आहे.

या दोन हजारांवर मी अडलो, कारण हमी हा माझा धंदा होता. नोकरीत मी शेकडो जामीनदार बघितले. कर्ज फेडलं जातंय तोवर ते पेढे खातात. पहिला हप्ता थकला की ते बँकेच्या बाजूचा रस्तासुद्धा सोडतात. आणि इथं एक राजा, ज्याच्याकडून परतफेडीची काही आशा नाही अशा, मुसलमान, फौजेतून सुटलेल्या, सरकारदरबारी वेडा म्हणून नोंद असलेल्या माणसाला जामीन राहतो. नुसता जामीन राहून थांबत नाही, तर त्याला सक्करदऱ्याच्या आपल्या महालात आणून ठेवतो, त्याची सेवा करतो. बरं होण्यासाठी आधी कुणीतरी जामीन राहावं लागतं, असं मला त्या रात्री वाटून गेलं. रात्र म्हणजे दोनची, हे सांगायला नको.

पुढची वर्षं तुलनेनं ठाऊक असलेली. सक्करदऱ्याहून बाबा सावनेर तालुक्यातल्या वाकी गावी गेले, तिथल्या काशीनाथराव पाटलांकडे. वाकीही कन्हानच्याच काठावर. तिथं झाडाखालच्या एका जागेला त्यांनी शिफाखाना म्हणजे दवाखाना नाव दिलं, एकीला मदरसा, एकीला मशीद. दुखणेकरी आला की त्याला शिफाखान्यात बसायला सांगायचं, परीक्षेच्या काळजीनं आलेल्या पोराला मदरशात. औषध नाही, पुस्तक नाही. बसायचं. ज्याला जे हवं त्यासाठी त्याची त्याची एक जागा. काही वर्षांनी बाबा पुन्हा सक्करदऱ्याला आले. टांग्यातून शहरभर त्यांची फेरी निघे आणि टांग्यामागं माणसं धावत.

मी ताजबागेत गेलो तेव्हा मजारीपासून थोडं दूर, खांबाला टेकून बसलो होतो. शेजारी एक बाई मजारीकडे तोंड करून हलक्या आवाजात बोलत होती. मुलाबद्दल काहीतरी. मध्येच रडली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा बोलू लागली. कुणी तिला काय झालं म्हणून विचारलं नाही, उठ म्हणून सांगितलं नाही. तासाभरानं ती उठली, चेहरा सैल झालेला. मला तिचा हेवा वाटला. मला तसं बोलता येईना. माझ्या पिढीच्या, माझ्यासारख्या नोकरीतल्या माणसाला देवापुढंसुद्धा कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरासारखं बोलायची सवय.

दर्ग्यात मन हलकं होतं, म्हणून प्रत्येक आजार दर्ग्यात बरा होतो, असं मात्र नाही. हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ ला मनोरुग्ण ठेवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. रोग्यांना साखळदंडांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ माणसं पळता न आल्यामुळं गेली. कानात आवाज येणं, महिनोन् महिने झोप नसणं, सगळे आपल्या वाईटावर टपलेत असं ठाम वाटणं, यांवर औषध आहे आणि ते घ्यावंच लागतं, नुसतं बोलून किंवा बसून भागत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातारच्या दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारी शेजारी ठेवण्याचा उपक्रम चालवला गेला. मुजावर स्वतः दुखणेकऱ्याला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवू लागले. मला तो वाकीच्या शिफाखान्याचा पुढचा अंक वाटतो.

माझी पहिली फेरी फुकट गेली. एका मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाच मिनिटांत, मान वर न करता, तीन गोळ्या लिहिल्या. गोळ्यांवर माझा राग नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याचं वाईट वाटलं. चिठ्ठी खिशात ठेवून घरी आलो आणि महिनाभर पुन्हा नाव काढलं नाही. कुणाचं असं झालं तर त्यांनी माझ्यासारखा महिना घालवू नये. दुसरा डॉक्टर शोधावा. किराणा दुकान आवडलं नाही तर आपण किराणा भरायचं सोडत नाही.

दुसऱ्या वेळी बायको सोबत आली. माझा जामीनदार तीच. धरमपेठेत एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, माझ्या मुलीहून लहान. बाहेर बाकावर बसलो तेव्हा कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी पेपर तोंडापुढं धरला होता, आणि शेजारचे गृहस्थही तेच करीत होते. आधी एक अर्ज भरायचा होता. वय, झोप, भूक, बीपी-शुगरच्या गोळ्या, घरात कोण कोण, घरात पूर्वी कुणाला असा त्रास. एक प्रश्न असा की जगू नये असा विचार मनात येतो का. या प्रश्नापाशी माझं पेन थांबलं. मी खरं उत्तर लिहिलं. नंतर कळलं की तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, आणि विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं.

आत गेल्यावर तिनं आधी नियम सांगितले. भेट पन्नास मिनिटांची. इथं बोललेलं इथंच राहील. मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागेल. फी इतकी. मला वाटेल तेव्हा थांबता येईल. औषध ती देऊ शकत नाही. ते लागलं तर एमडी झालेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवील. तिचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे मी विचारलं. जुनी खोड. ती न रागावता म्हणाली की एम.फिल. आहे, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. हे विचारायला लाजू नये. नुसती समुपदेशक अशी पाटी लावायला आपल्याकडे फारसं काही लागत नाही.

मग काय सांगायचंय, असं तिनं विचारलं आणि गप्प बसली. मी झोपेबद्दल बोललो. उन्हाळ्याबद्दल बोललो. नागपुरातल्या उड्डाणपुलांबद्दलही बोललो. बँकेत शेतकरी माझ्यापुढं बसून अर्धा तास पावसाविषयी बोलायचे आणि उठता उठता हप्त्याचं काढायचे. मी तेव्हा मनातल्या मनात घड्याळ बघायचो. तिनं घड्याळ बघितलं नाही. चाळिसाव्या मिनिटाला यवतमाळ जिल्हा निघाला.

माझी अपेक्षा होती, ती म्हणेल, तुमची चूक नव्हती. ते तिनं म्हटलं नाही. सल्ला दिला नाही, दुसऱ्याची मोठी दुःखं सांगितली नाहीत. तो माणूस शेवटचा बँकेत आला तेव्हा कुठं बसला होता, एवढंच विचारलं. मी सांगू लागलो. खिडकीशेजारच्या खुर्चीवर. टोपी मांडीवर ठेवून. पुढचं मला सांगता आलं नाही. वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडलो. टेबलावर कागदी रुमालांचं खोकं होतं, तिनं ते हळूच इकडं सरकवलं.

त्या रात्री झोप आणखी वाईट लागली. तिनं आधीच तसं सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही. जखम धुतली की आधी चुरचुरते. एक वही करायला सांगितलं होतं. जाग कधी आली, तेव्हा मनात काय होतं, दोन ओळी. दर बुधवारी अकरा वाजता जायचं. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत मला काही फरक पडेना आणि फीचा हिशेब मी मनात मांडू लागलो. सहाव्या-सातव्या भेटीनंतर सलग पाच तास झोपलो. सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्याकडे मेडिकलला किंवा पागलखान्याच्याच बाह्यरुग्ण विभागात, हेच नाममात्र खर्चात मिळतं; गर्दी असते, वेळ कमी मिळतो, पण मिळतं. अगदी घराबाहेर पडवत नसेल तर १४४१६ या सरकारी टेली-मानसच्या नंबरवर चोवीस तास फोन लागतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं होतं की मनाचा आजार असलेल्यांपैकी आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. मी वीस वर्षं त्यांतला एक होतो.

कायदाही १८५८ चा राहिलेला नाही. १९१२ ला बदलला, १९८७ ला बदलला. आता २०१७ चा आहे. बाबांना ज्या हुकमानं आत नेलं, तसा सरसकट हुकूम त्यात चालत नाही. रोगी स्वतः आपल्या पायांनी दाखल होऊ शकतो आणि बाहेर पडू शकतो. आपली शुद्ध गेली तर काय करावं आणि काय करू नये, हे आधी लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीनं कोण बोलेल, त्याचं नावही देऊ शकतो. साखळदंड बेकायदा. आरोग्य विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच धरावं, असंही त्यात आहे. पॉलिसीचे कागद मात्र नीट वाचून घ्या.

बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला सक्करदऱ्यात गेले. चौसष्ट वर्षांचे होते. नागपुरानं त्या दिवशी पाहिली तशी गर्दी क्वचितच पाहिली असेल. उमरेड रोडवर जिथं त्यांना ठेवलं, त्या जागेला ताजाबाद नाव पडलं. तिथं दर वर्षी उरूस भरतो.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम कोराडी रोडला गेलो. बाबा जिथं राहिले ती जागा रुग्णालयाच्या आवारात भाविकांनी जपली आहे. लोक तिला पागलखाना शरीफ म्हणतात. फाटकापाशी फुलांची पुडी घेतलेली एक म्हातारी उभी होती, आणि तिच्या बाजूला केसपेपर घेतलेला एक बाप, विशीतल्या मुलाचा हात धरून. मुलगा खाली बघत होता. फाटकावरच्या माणसानं मला विचारलं, दर्शन की दाखवायचंय. मी दर्शन म्हणालो. त्यानं उजवीकडे हात केला. त्या बापाला डावीकडची रांग दाखवली. रांग लांब होती. मुलगा थोडा अडखळला, तसा बापानं त्याच्या हातातली पाण्याची बाटली आपल्याकडे घेतली आणि दोघं रांगेत जाऊन उभे राहिले.

बुधवार होता. अकराला मला धरमपेठेत पोचायचं होतं.